नोंदवहीबाहेरचे रुग्ण
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "वीस मिनिटं बोल, तुझ्या कामातलं बोल, पण कोविड नको. कोविडचं सगळ्यांचं ऐकून झालंय." मी सरकारी आरोग्य खात्यात एकतीस वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी साथीच्या मागे धावण्यात गेली. कोविड वगळला तर उरतात जुलाब, कावीळ आणि डेंग्यू. जेवणाआधी यातलं काय सांगावं? म्हणून मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, पोलंडमध्ये, १९४१ सालात. बोलणार आहे उवांवर. म्हणजे जेवणाच्या दृष्टीने फार सुधारणा झालेली नाही.

१ सप्टेंबर १९३९, जर्मनीचा पोलंडवर हल्ला. ही तारीख आपल्यातल्या कुणालाही अर्ध्या झोपेत विचारली तरी सांगता येईल, इतकी ती सरांनी घोटून घेतली होती. सर समोर बसलेत, म्हणून प्रयोग करून दाखवत नाही. पुस्तकात त्या वाक्यानंतर लगेच पुढची लढाई यायची. लढाई पुढे सरकल्यावर मागे राहिलेल्या शहरात लोक कसे जगत होते, आजारी पडत होते, त्यांना कोण मोजत होतं, हे मला फार उशिरा, नोकरीत असताना वाचायला मिळालं. आपल्याकडे पोलंडचं नाव निघालं की कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. युद्धाच्या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ती माणसं सायबेरियातून, मध्य आशियातून, इराणमार्गे आली होती आणि त्या प्रवासात टायफसने त्यांच्यातली कितीतरी माणसं गेली होती. मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र त्यांची नाही. ज्यांना पोलंडमधून बाहेर पडताच आलं नाही त्यांची आहे.

आधी एक खुलासा. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून होतो. टायफस होतो अंगावरच्या, कपड्यांत राहणाऱ्या उवांमुळे. घोटाळा आपलाच नाही. जर्मन भाषेत 'टायफस' म्हटलं की टायफॉइड, आणि खऱ्या टायफसला त्यांचा शब्दच वेगळा, त्यामुळे जुने कागद वाचताना अभ्यासकही अडखळतात. ऊ हा रोग पसरवते हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९२८चं नोबेल मिळालं. ज्या जंतूमुळे हा रोग होतो त्याला रिकेट्स आणि प्रोवाझेक या दोन शास्त्रज्ञांची नावं दिली आहेत, आणि दोघंही याच रोगाने गेले. उवेची एक खोड लक्षात ठेवा. माणूस तापाने फणफणला किंवा मेला की तिला ते अंग सोसत नाही, ती शेजारच्या अंगावर जाते. म्हणजे एका खोलीत सातआठ माणसं दाटीवाटीने झोपत असतील तर तिला लांब जावं लागत नाही.

वॉर्सामध्ये नेमकं हेच घडवून आणलं गेलं. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी शहराच्या मध्यभागी भिंत घालून ज्यू वस्ती बंद केली. साडेतीन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत चार लाखांवर माणसं कोंडली. एका खोलीमागे सरासरी सात जण. रेशनवर मिळणारं अन्न दिवसाला दोनशे कॅलरीच्या आसपास, म्हणजे दोन पोळ्या. कोळसा नाही, साबण नाही. कपडे उकळायला जळणच नसेल तर ऊ मरणार कशी? वरून १९४१च्या पहिल्या काही महिन्यांत आसपासच्या गावांतून हजारो ज्यू लोकांना हाकलून त्याच वस्तीत आणून टाकलं.

आणि भिंत का घातली, याचं सरकारी कारण काय होतं, तर साथ आवरण्यासाठी! भिंतीच्या आधीच तिथे 'संसर्गाचा भाग' अशा पाट्या लागल्या होत्या. ज्यू, उवा आणि टायफस हे तिन्ही शब्द एका ओळीत छापलेली भित्तिपत्रकं पोलिश वस्तीत लावली गेली. म्हणजे आधी रोग होईल अशी परिस्थिती करायची, मग रोग झाला की तो यांच्या रक्तातच आहे असं म्हणायचं. व्यापलेल्या पोलंडच्या आरोग्य खात्याचे जर्मन प्रमुख स्वतः डॉक्टर होते, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये डॉक्टरांच्याच एका परिषदेत त्यांनी सांगितलं की या लोकांना वस्तीत उपाशी मरू देणं किंवा गोळ्या घालणं हे दोनच मार्ग आहेत. त्याच महिन्यात वस्तीबाहेर सापडणाऱ्या ज्यू माणसाला देहदंड जाहीर झाला. कारण पुन्हा तेच, टायफस पसरेल. माझ्या व्यवसायाच्या इतिहासातलं हे पान मी प्रशिक्षणात मुद्दाम वाचून दाखवायचे. पांढरा कोट घातला म्हणून माणूस कुणाच्या बाजूने उभा आहे हे कळत नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. साथ आवरायची तर आधी रुग्ण कुठे आहे हे कळलं पाहिजे. वस्तीत नियम होता की रुग्ण आढळला की डॉक्टरने कळवायचं. कळवल्यावर काय व्हायचं? सगळी इमारत दोनतीन आठवडे बंद. कुणी बाहेर पडायचं नाही, म्हणजे रोजची चोरूनमारून आणलेली भाकरीही बंद. सगळ्या रहिवाशांना अंघोळीच्या केंद्रावर नेऊन थंडीत तासन्‌तास रांगेत उभं करायचं. त्या रांगेत उवा असलेली आणि नसलेली माणसं खांद्याला खांदा लावून. घरी निर्जंतुकीकरणाची टोळी येणार, गाद्या आणि रजया वाफेत घालून खराब करणार आणि हाताला लागेल ते उचलणार. पैसे असले की टोळीच्या हातावर ठेवायचे आणि टोळी पुढच्या दाराकडे वळायची. नसले की भोगायचं. साहजिकच लोक रुग्ण लपवू लागले. ताप आलेल्याला माळ्यावर, पडद्याआड ठेवू लागले. डॉक्टर चोरून येऊन बघत आणि कागदावर काही लिहीत नसत. अधिकृत नोंदीत पंधरा ते वीस हजार रुग्ण दिसतात. प्रत्यक्षात लागण झालेले लाखाच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. पाच रुग्णांत एक नोंदवहीत आणि चार नोंदवहीबाहेर.

आपण पुण्याची मुलं. हे ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं तेच माझ्याही आलं होतं. १८९७चा प्लेग. रँडसाहेबांचे गोरे सोजीर घरोघरी शिरून झडत्या घेतात, रुग्णाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत पाठवतात, सामान रस्त्यावर आणून जाळतात. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतंसुद्धा लपवली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते आपल्याला सहावीपासून माहीत आहे. पण त्याच वर्षी, त्याच साथीत, सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना काढला होता. तिथे रुग्ण लपत नव्हते, तिथे तर ते आणले जात होते. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच रोगासाठी दार ठोठावणारी दोन प्रकारची माणसं होती. कुणाला दार उघडलं गेलं, हे साथीच्या दृष्टीने औषधाइतकंच महत्त्वाचं होतं. औषध तर तेव्हा नव्हतंच. पुणे आणि वॉर्सा एक नव्हे, हे मला ठाऊक आहे. इंग्रज सरकारला पुणेकर मारायचे नव्हते. पण दाराच्या आतल्या माणसाला बाहेरच्याचा हेतू कळत नाही, त्याला बूट ऐकू येतात.

वॉर्सात भिंतीच्या आत आपली माणसं आपल्यासाठी जे करत होती ते आता सांगते. तिथे लुडविक हिर्शफेल्ड नावाचे प्राध्यापक होते. रक्तगट आईबापांकडून मुलांकडे येतात हे दाखवून देणाऱ्या दोघांपैकी ते एक. पहिल्या महायुद्धात सर्बियात टायफसची भयंकर साथ आली तेव्हा ते तिथे स्वतःहून गेले होते. नंतर सालोनिकाच्या आघाडीवर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी हान्ना यांनी वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यात आपले हिंदी शिपाईही होते, आणि त्यांच्यात 'बी' गट फार जास्त आढळला. तो लेख १९१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आज कुठल्याही रक्तपेढीत आपल्याकडे 'बी' गटाच्या पिशव्या जास्त दिसतात ना, त्याची पहिली नोंद ही. असा माणूस १९४१च्या फेब्रुवारीत घरदार सोडून वस्तीत यायला भाग पाडला गेला, आणि तिथे आरोग्य समितीच्या कामाला लागला.

समितीच्या हातात लस नावापुरती होती. ती ल्वूफ शहरात उवांच्याच आतड्यांपासून बनायची आणि चोरून आत यायची, म्हणजे श्रीमंतांना परवडेल एवढीच. म्हणून त्यांनी जे फुकट होतं ते वाटलं, माहिती. ऊ कुठे लपते, शिवणीत अंडी कशी शोधायची, रुग्णाला घरातल्या घरात वेगळं कसं ठेवायचं, यावर शेकडो व्याख्यानं झाली. प्रत्येक इमारतीत रहिवाशांची समिती होती. ती सूपाचं स्वयंपाकघर चालवायची, स्वच्छतेवर लक्ष ठेवायची, आजारी कोण आहे हे तिला आपसूक कळायचं. आमच्या भाषेत याला सर्वेक्षण म्हणतात. तिथे ते शेजारधर्म म्हणून चालत होतं. साथप्रतिबंधक प्रशिक्षणाचा वर्ग काढायची परवानगी जर्मनांनी दिली, कारण टायफसची त्यांनाही धास्ती होती. प्राध्यापक त्स्वायबाउम यांच्या देखरेखीखाली त्या वर्गाच्या नावाने चक्क वैद्यकीय महाविद्यालय चालवलं गेलं. शेकडो विद्यार्थी संध्याकाळी, अपुऱ्या उजेडात, उपाशी पोटी शरीरशास्त्र शिकत होते. इथे बसलेल्या शिक्षकांना यातलं मोठेपण मी सांगायला नको.

मग घडलं ते असं. ऑक्टोबर १९४१ मध्ये साथ शिगेला पोहोचली. पुढे हिवाळा. हिवाळ्यात माणसं अंगावर सगळे कपडे चढवतात, एकमेकांना बिलगून झोपतात, आणि टायफस वाढतो, हा नियम. सगळ्यांनी त्याहून वाईट काळाची तयारी केली. आणि नोव्हेंबरमध्ये आकडा घसरू लागला. इमॅन्युएल रिंगेलब्लुम हे इतिहासकार वस्तीतल्या दैनंदिन घडामोडींची गुप्त नोंद ठेवत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की रुग्ण चाळीस टक्क्यांनी कमी झाले. मला त्यांनी हे कशावरून लिहिलं ते जास्त आवडतं. औषधांची दुकानं चालवणारे, डॉक्टर आणि इस्पितळ, तिघांनीही तेच सांगितलं म्हणून. सरकारी आकड्यावर विश्वास नव्हता, त्यामुळे त्यांनी तीन वेगवेगळ्या दारांवर विचारलं आणि उत्तर जुळलं. आम्हाला पदव्युत्तर शिक्षणात हीच पद्धत मोठ्या इंग्रजी नावाने शिकवली होती.

घसरण का झाली हे तेव्हा हिर्शफेल्डनाही उलगडलं नाही. २०२० मध्ये लेवी स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे घेऊन त्यावर गणित मांडलं. बहुसंख्य लोकांना तोवर लागण झालीच नव्हती, त्यामुळे साथीला जळण संपलं असं म्हणता येत नाही. हवामानाने म्हणावं तर हिवाळा साथीच्या बाजूचा. राहता राहिलं लोकांचं वागणं आणि समितीचं काम. गणित म्हणजे पुरावा नव्हे, आणि रुग्ण लपवण्यामुळे मूळ आकडेच कच्चे, ही शंका मीही काढते. पण तीन दारांवरची उत्तरं जुळतात तेव्हा मला त्या घसरणीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

याच पोलंडमध्ये नोंदवहीचा अगदी उलटा उपयोगही झाला. रोझवादूव या छोट्या गावात युजेनियुश वाझोव्स्की आणि स्टानिस्वाव मातुलेविच हे दोन तरुण डॉक्टर होते. टायफसचं निदान तेव्हा रक्ताच्या एका तपासणीने व्हायचं. त्यात 'प्रोटियस' नावाचा दुसराच, टायफसशी संबंध नसलेला जंतू वापरत. मातुलेविचच्या लक्षात आलं की तोच जंतू मारून निरोगी माणसाला टोचला, तर त्याच्या रक्ताची तपासणी टायफस दाखवते आणि त्याला होत काहीच नाही. मग साध्या तापाच्या रुग्णांना 'बलवर्धक' म्हणून ही सुई दिली जाऊ लागली. रक्त जर्मन प्रयोगशाळेत जाई, तिथून टायफसची तार येई. सगळे रुग्ण आपल्याच दवाखान्यातले दिसू नयेत म्हणून काहींना सुई दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवत, म्हणजे ते प्रामाणिकपणे कळवत. शेवटी जर्मनांनी तो सगळा भाग साथग्रस्त घोषित केला आणि मजुरीसाठी माणसं नेणं तिथे थांबलं. ज्यू माणसाला मात्र ही सुई देता येत नव्हती. त्याच्या नावावर टायफस लागला तर त्याला मारूनच टाकलं असतं. या प्रकारातून आठ हजार ज्यू वाचले असं मोबाइलवर फिरत असतं, त्यावर फार विसंबू नका. वाझोव्स्कींनी केलं ते त्याशिवायही पुरेसं आहे. सुईमागचा तोच आजार एकाच्या नावावर लिहिला तर तो वाचतो, दुसऱ्याच्या नावावर लिहिला तर मरतो.

मी मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा एका गावात जुलाबाची लागण झाली. नमुना पाठवला, कॉलरा निघाला. संध्याकाळी गावातली चारपाच वजनदार मंडळी दारात. "मॅडम, जत्रा तोंडावर आलीय. 'गॅस्ट्रो' लिहा की. औषध तर तेच द्यायचंय ना?" दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीतून फोन, सूर तोच, भाषा जास्त सभ्य. मी कॉलराच लिहिलं. जत्रा झाली, पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडली, दुकानदारांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. पण खरी अडचण त्या मंडळींची नव्हती. पुढच्या वस्तीतली एक आजी नातवाला घेऊन रात्री आली, ती म्हणाली, "नाव लिवू नगा, पोरीचं लगीन ठरलंय." तिच्या हिशेबात माझी नोंदवही ही तिच्या घराला लागलेली पाटी होती. तिला ओआरएसची पाकिटं दिली, विहिरीचं पाणी तपासू म्हटलं, आणि दोन दिवसांनी खरंच विहिरीवर गेले. त्यानंतर त्या वस्तीतून रुग्णांची बातमी मला मागावी लागली नाही.

२०२० मध्ये आपापल्या सोसायटीच्या दारावर चिकटवलेला कागद तुम्हाला आठवत असेल. ज्या कायद्याने तो चिकटवला तो १८९७चाच, रँडच्याच काळातला. कोविडवर बोलणार नव्हते, एवढंच बोलले.

वॉर्साचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय खाली उतरता येणार नाही. २२ जुलै १९४२ पासून वस्तीतली माणसं गाड्यांत भरून त्रेब्लिंकाला नेऊ लागले. दोन महिन्यांत अडीच लाखांवर. टायफसमधून वाचलेले, वाचवणारे, त्या वर्गातले विद्यार्थी, बहुतेक सगळे गेले. माझ्या प्रशिक्षणार्थींपैकी कुणीतरी दर वेळी विचारायचं, "मग साथ आवरून उपयोग काय झाला?" मी म्हणायचे, नोव्हेंबरातल्या रुग्णाला जुलैचं वेळापत्रक दाखवून औषध थांबवणारा डॉक्टर तुला चालेल का? याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

त्या वस्तीतल्या डॉक्टरांनी मिलेयकोव्स्की यांच्या पुढाकाराने आणखी एक काम केलं. आपण आणि आपले रुग्ण उपाशी मरतोय तर निदान उपासमारीने शरीरात काय होतं ते तरी नीट लिहून ठेवू, म्हणून फेब्रुवारी १९४२ पासून त्यांनी मोजमापं घेतली. जुलैमध्ये काम तुटलं. हस्तलिखित भिंतीबाहेर प्राध्यापक ओर्वोव्स्की यांच्याकडे पोचवलं गेलं आणि १९४६ मध्ये वॉर्सात छापलं गेलं. मिलेयकोव्स्कींना ते पाहायला मिळालं नाही. रिंगेलब्लुमचे कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून तळघरात पुरले होते, त्यांतले काही १९४६ मध्ये, काही १९५० मध्ये निघाले. हिर्शफेल्ड वस्तीतून निसटले, लपून राहिले, त्या काळात त्यांची एकुलती एक मुलगी गेली. युद्धानंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं.

त्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर २०१० मध्ये निघालं. ती प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे. ग्रंथपालबाईंना विनंती एवढीच, की शिक्का मारून ती कुलुपाच्या कपाटात ठेवू नये. नववी-दहावीच्या मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवावी.